स्थानकाच्या भिंती विका, नाव नको

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि संबंधित अधिकारी,
मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन

विषय : मेट्रो-३च्या स्थानकांच्या नावांआधी लागलेली कंपन्यांची नावं

सप्रेम नमस्कार.

आरेपासून कफ परेडपर्यंतची ३३.५ किलोमीटरची मेट्रो पूर्ण केल्याबद्दल आधी अभिनंदन, आणि ते तोंडदेखलं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये बीकेसीपर्यंत (वांद्रे-कुर्ला संकुल), मे २०२५मध्ये वरळीपर्यंत आणि ऑक्टोबर २०२५मध्ये थेट कफ परेडपर्यंत गाडी पोहोचली. ज्या काळबादेवी-गिरगावात हातगाडी वळवायला जागा नाही, तिथे जमिनीखाली स्थानकं बांधणं हे खायचं काम नव्हतं. आरेतली झाडं आणि गिरगावातून उठलेल्या चाळी यांवरून लोकांचं तुमच्याशी भांडण आहे, ते चालू राहील. हे पत्र मात्र पाट्यांबद्दल आहे.

‘आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक’. ‘एचडीएफसी लाइफ महालक्ष्मी’. ‘निप्पॉन इंडिया एमएफ आचार्य अत्रे चौक’. ‘कोटक बीकेसी’.

तुमच्या २७ स्थानकांपैकी ही काही. नावात भागीदारी विकून आलेली. तुमच्या फायलींत याला तिकिटाव्यतिरिक्तचं उत्पन्न म्हणत असतील, आणि ते मिळवणं हे तुमचं कामच आहे. ३७,००० कोटींहून जास्त खर्चाची, जपानी कर्ज घेऊन बांधलेली लाइन नुसत्या तिकिटावर चालणार नाही, हे कुणालाही कळतं. तिकीट वाढवण्यापेक्षा जाहिराती लावा, असं मीसुद्धा म्हणेन.

म्हणेन, कारण माझं पोटच जाहिरातीवर भरलं. उमेदीची सगळी वर्षं मी आउटडोअरच्या धंद्यात काढली. माहीम कॉजवेवरच्या साइटचा भाव क्लायंटच्या गळी उतरवायचा, पावसाळ्यात फ्लेक्स फाटला की रात्री माणसं वर चढवायची, बस शेल्टरवरची एक ट्यूब गेली म्हणून महिन्याच्या बिलाला कात्री लावणाऱ्या ब्रँड मॅनेजरशी हुज्जत घालायची, हे सगळं केलेलं आहे. जाहिरात दिसली की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. मात्र तुम्ही नेमकं काय विकलंत आणि घेणाऱ्याच्या हाती काय लागलं, हे मला इतर प्रवाशांपेक्षा जरा जास्त दिसतं. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या धंद्याचं मोठं दुखणं असं की, माणूस जाहिरातीकडे बघत नाही. टीव्हीवर जाहिरात लागली की तो पाणी प्यायला उठतो, पेपर उघडला की पहिली दोन पानी जाहिरात बाजूला काढून ठेवतो, मोबाइलवर कोपऱ्यातलं ‘स्किप’ कधी उगवतंय याची वाट बघतो. हॉर्डिंगखालून तर गाड्या सिग्नलकडे बघत निघून जातात. एवढ्या मोठ्या शहरात माणूस आपणहून शोधतो अशी एकच पाटी आहे : आपलं स्टेशन आलं का, हे सांगणारी. गाडीचा वेग कमी झाला की दारातली माणसं पुढच्याच्या खांद्यावरून मान काढून ती पाटी शोधतात. वरच्या लोकलमध्ये निदान बाहेर काहीतरी दिसतं. एखादा पूल, एखादी चिमणी, ओळखीचं फ्लायओव्हरचं वळण. भुयारात बाहेर काळोख आणि सगळे फलाट एकाच घरातले. तिथे पाटीशिवाय दुसरा आधार नाही.

त्या पाटीवर, ठिकाणाच्या नावाच्या आधी, तुम्ही कंपनीचं नाव बसवलंत. जाहिरातीसाठी जागा निवडून देणाऱ्या मीडिया प्लॅनरला विचारा, याच्याइतकी खात्रीची जागा त्याने आयुष्यात बुक केली आहे का. बघणारा मान फिरवू शकत नाही. फिरवली तर पुढच्या स्टेशनला जाऊन पोहोचेल.

एवढंच विकलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण या व्यवहारात दुसरी एक वस्तू गेली, आणि ती तुमच्या मालकीची नव्हती.

विमा कंपनीला सिद्धिविनायकच का हवा, याचा जरा विचार करा. सोमवारी रात्री उपनगरांतून माणसं अनवाणी चालत निघतात, मंगळवारी पहाटे प्रभादेवीत पोहोचतात. हातात दूर्वांची जुडी, जास्वंद, पिशवीत नारळ. कुणाची परीक्षा असते, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या पोराला नोकरी लागत नसते. संकट टळावं म्हणून जिथे माणूस येतो, त्या जागेच्या नावाला विमा कंपनीचं नाव जोडलेलं आहे. विमा कंपनी काय विकते? संकटात कुणीतरी पाठीशी आहे, हा भरवसा. तो भरवसा जाहिरातीतून कमवायला वर्षं लागतात आणि पैसा पाण्यासारखा जातो. इथे तो तयार मिळाला. महालक्ष्मीच्या नावापुढे जीवन विमा आला, तेही त्याच हिशेबाने. मीडिया प्लॅनर म्हणून मी असतो तर हीच स्थानकं मागितली असती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. तो त्यांचा धंदा आहे. विकायचं की नाही, हे ठरवणं तुमच्या हातात होतं.

आमच्या एजन्सीत एखाद्या नवख्या कॉपीरायटरने गणपतीचा फोटो आणि खाली विम्याची ओळ असा लेआउट आणला असता, तर क्लायंटच्या कायदा विभागाने तो संध्याकाळच्या आत परत धाडला असता. धार्मिक भावना, नियम, नको ते लफडं. स्थानकाच्या नावात तीच गोष्ट सहज पार पडली, कारण ती जाहिरात वाटतच नाही. सरकारी पाटी वाटते. पेपरवाले पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर बारीक अक्षरात का होईना ‘जाहिरात’ असं लिहितात. मोबाइलवर साबण विकणाऱ्या पोरापोरींनीही पैसे घेतले असतील तर तसं सांगावं, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये घातला. तुमच्या पाटीवर तसं काहीच नाही. परगावाहून आलेल्या माणसाला वाटेल की ही विमा कंपनीची जागा आहे, देऊळ तिने बांधलं.

अत्रे चौकाचं तर काय बोलावं. १९५६मध्ये ‘मराठा’ काढून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी सरकारला रोज सकाळी घाम फोडला, मुंबई महाराष्ट्राची म्हणून जे रस्त्यावर आणि अग्रलेखात सारख्याच आवाजात गरजले, त्या माणसाच्या नावापुढे म्युच्युअल फंड! पेपर चालवलेला माणूस होता तो. जाहिरात म्हणजे काय आणि ती का लागते, हे अत्र्यांना पुरतं ठाऊक होतं. पण अग्रलेखाच्या मथळ्यात कुणी जाहिरात घ्या म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याचं काय झालं असतं, याची कल्पना ज्याची त्याने करावी. आणि एक तांत्रिक शंका. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे, हे सांगावंच लागतं. टीव्हीवर ते धापा टाकत वाचून दाखवतात. मग पाटीवर ती ओळ का नाही? जाहिरात असेल तर ओळ हवी. जाहिरात नसेल तर पैसे कशाचे घेतले?

याच लाइनवर नेहरू विज्ञान केंद्राजवळच्या स्थानकाचं नाव नुसतं ‘सायन्स सेंटर’ आहे, आणि त्यावरून काँग्रेसने तुम्हाला धारेवर धरलं. तो पक्षीय वाद मी उकरून काढत नाही. पण एका स्थानकाच्या नावात नेहरूंना जागा मिळाली नाही आणि दुसऱ्याच्या नावात फंडाला मिळाली, ही गोष्ट मुंबईकराच्या नजरेतून सुटलेली नाही.

आता तुमच्या बाजूने कुणी म्हणेल की, मुंबईत कंपन्यांची नावं ठिकाणांना पहिल्यापासून आहेत. बरोबर आहे, आणि त्यावर सविस्तर बोलायला हवं. वरळीला सेंच्युरी बाजार आहे. ठाण्याला कॅडबरी जंक्शन आहे. दादरला ‘प्लाझाला भेट’ असं म्हणतात, तेव्हा सिनेमाच बघायचा असतो असं नाही. पुढे गेलं की हिंदमाता, दर पावसाळ्यात बातम्यांत येणारं. तेही नाव थिएटरचंच. धोबी तलावाजवळच्या चौकाला जुनी माणसं अजून ‘मेट्रो’ म्हणतात. एका अमेरिकन सिनेमा कंपनीने १९३८मध्ये तिथे थिएटर उघडलं, त्याचं ते नाव. तुमच्या मेट्रोशी त्याचा काही संबंध नाही, पण टॅक्सीवाल्याला आता दोनदा समजावावं लागतं.

ही नावं कुणी विकली? कुणीच नाही. बसमधल्या कंडक्टरने, भाजीवालीने, थिएटरबाहेर उभं राहून वाट बघणाऱ्या पोराने ती उच्चारून उच्चारून रुळवली. कंपनीला त्यासाठी एक पैसा द्यावा लागला नाही, आणि कंपनी गेली, थिएटर बंद पडलं, मालक बदलला तरी नाव हललं नाही. कारण ते लोकांनी दिलेलं होतं. तुमच्या पाटीवरचं नाव करारावर आलंय आणि कराराची मुदत संपली की जाईल. त्या जागी दुसरं येईल. हा फरक छोटा नाही.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. विलेपार्ल्यात १९२९मध्ये एक कारखाना निघाला आणि त्याने गावाचंच नाव घेतलं. ‘पार्ले’ हे नाव बिस्किटाच्या पुड्यावर बसून देशभर गेलं. पार्ल्याच्या लोकांना याचं कधी वाईट वाटलं नाही. कारखाना तिथे होता, माणसं तिथली कामाला होती, स्टेशनवर उतरलं की भाजलेल्या बिस्किटांचा वास नाकात शिरायचा. २०१६मध्ये तो कारखाना बंद झाला, तेव्हा पार्लेकर हळहळले. कंपनीने गावाचं नाव वापरलं, पण गावात राहून. स्टेशनाला मात्र कुणी ‘पार्ले बिस्किट विलेपार्ले’ केलं नाही, आणि तसं करायची गरजही पडली नाही.

शहराची ओळख विकण्याचा एक जुना प्रकार इथे बिल्डर लोकांनी करून झाला आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्याच नाहीत. मग त्या जमिनींवर टॉवर आले. टॉवरच्या ब्रोशरमध्ये ‘लोअर परळ’ लिहायला बिल्डरांना जड जाऊ लागलं. ‘लोअर’ही नको आणि ‘परळ’ही नको. त्याचं झालं ‘अप्पर वरळी’. वडाळ्यात ‘न्यू कफ परेड’ निघालं. गिरणीची चिमणी मात्र कुठेकुठे ठेवली, फोटोत छान येते म्हणून. आमच्या एजन्सीतल्या पोरांनी त्या ब्रोशरवर कामं केली आणि मी त्यांची बिलं पास केली, तेव्हा हे सगळं कसं घडतं, हे मी बाहेरून ऐकलेलं नाही. तरी एक गोष्ट होती. बिल्डरने आपल्या कागदावर काहीही लिहिलं तरी लोअर परळ स्टेशनच्या पाटीवर ‘लोअर परळ’च राहिलं. सरकारी पाटीने खोटं बोलायचं नाही, एवढी शिस्त या शहरात होती.

नाव ही किती कडक गोष्ट आहे, हे तुमच्याच सरकारला विचारा. जुलै २०२४मध्ये विधिमंडळाने उपनगरी रेल्वेच्या स्थानकांची नावं बदलण्याचा ठराव केला : करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी व्हायला २०१८ उजाडलं. एका नावासाठी विधिमंडळाचा ठराव, मग दिल्लीला प्रस्ताव, गृहमंत्रालयाची ना हरकत, मग रेल्वे. लोक वर्षानुवर्षं निवेदनं देतात, मोर्चे काढतात, पाटीला काळं फासतात. लालबागच्या माणसाला आपल्या वस्तीचं नाव स्टेशनवर लिहून मिळावं म्हणून एवढा घाट, आणि फंडाला मात्र नुसती निविदा भरून चालतं. निविदा कायदेशीरच असेल, त्याबद्दल शंका नाही. पण गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव काढायचं म्हणजे अस्मितेचा प्रश्न, आणि निप्पॉनचं नाव लावायचं म्हणजे महसुलाचा प्रश्न, हे गणित कुणी समजावून सांगेल का?

परदेशाचे दाखले तुमच्या सादरीकरणात असतीलच; सल्लागार मंडळी ते आणतातच. मग पूर्ण आणा. माद्रिदमधलं सोल हे शहराच्या अगदी मध्यातलं स्थानक. वरच्या चौकात २०११मध्ये हजारो तरुण तंबू ठोकून बसले होते. २०१३मध्ये ते ‘व्होडाफोन सोल’ झालं, सोबत एक अख्खी लाइनही कंपनीच्या नावाची झाली. तीन वर्षांचे तीस लाख युरो. २०१६मध्ये करार संपला आणि सोल पुन्हा नुसतं सोल झालं. फिलाडेल्फियात पॅटिसन नावाचं स्थानक २०१०मध्ये एका फोन कंपनीच्या नावाचं झालं आणि २०१८मध्ये एका वीज कंपनीच्या. आठ वर्षांत तीन नावं. लंडनने २०२३मध्ये फॅशन वीकसाठी बाँड स्ट्रीटच्या पाट्या काही दिवस ‘बर्बेरी स्ट्रीट’ केल्या, तर आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो की काय म्हणून प्रवासी गोंधळले. आणि एवढं लांब कशाला, गुरगावच्या रॅपिड मेट्रोत ‘मायक्रोमॅक्स मौलसरी अ‍ॅव्हेन्यू’ नावाचं स्थानक होतं. तो फोन आज कुणाच्या हातात दिसतो? कंपन्या येतात, विलीन होतात, नाव बदलतात, बुडतात. त्यांचा दोष नाही. पण शहराने आपला पत्ता त्यांच्या ताळेबंदाला का बांधावा?

गणेशोत्सवातल्या मंडळांनी हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. मंडळांना पैसा लागतो, आणि मंडळाच्या कार्यकर्त्याइतका पैसा काढण्यात पटाईत माणूस दुसरा नाही. रस्त्यावरच्या कमानीपासून मांडवाच्या दारापर्यंत, पाण्याच्या पिंपावर, रांगेच्या बांबूवर, कार्यकर्त्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर, सगळीकडे विमा, दूध, बँक, सिमेंट. पण ‘अमुक इन्शुरन्स लालबागचा राजा’ असं कुणी लिहिलेलं बघितलंत? १९३४पासून तो नुसता लालबागचा राजा आहे. कमान विकायची, राजा विकायचा नाही. ही सीमा कुठल्याही सल्लागाराने आखून दिली नव्हती. चाळीतल्या पोरांना ती आपोआप कळली.

तुमच्याकडेही विकायला काही कमी नाही. फलाटाच्या भिंती, सरकत्या जिन्यांच्या बाजू, डब्यांचं बाहेरचं अंग, आतल्या कड्या, तिकिटाच्या मागची बाजू, खांब, छत, सगळं विका. बीकेसीबद्दलही माझी फार तक्रार नाही, हे स्पष्ट सांगतो. ते नाव मुळात कार्यालयांच्या वसाहतीचं, ती बँकही तिथलीच. त्या नावाला चिकटलेली कुणाची आठवण अजून तयार व्हायची आहे. अशा आणखी दोनचार जागा असतील, त्या बघा.

पण जिथे देव आहे, जिथे माणसाचं नाव आहे, जिथे लढ्याची किंवा जुन्या वस्तीची खूण आहे, तिथे नाव विक्रीला काढू नका. या लाइनवर हुतात्मा चौक आहे. त्यापुढे एखाद्या टूथपेस्टचं नाव वाचायची वेळ येईल का, हे मला माहीत नाही. येणार नाही, असं लेखी मिळालं तर बरं वाटेल. गिरगाव आणि काळबादेवी आहेत, जिथे स्थानकासाठी लोकांनी घरं सोडली. ज्यांची घरं गेली त्यांच्या गल्लीचं नाव तरी त्यांना पाटीवर सबंध मिळू द्या.

करार झालेच आहेत, तर निदान पुढचं नीट करा. कंपनीचं नाव स्थानकाच्या नावाच्या खाली, लहान अक्षरात, आणि आधी ‘प्रायोजक’ हा शब्द. नकाशावर, तिकिटावर आणि डब्यातल्या घोषणेत कंपनीचं नाव कुठेच नको. घोषणा आंधळ्या माणसाची पाटी असते, तिच्यात भेसळ नको. आणीबाणीत कुणी फोन केला तर त्याने सांगितलेलं नाव रुग्णवाहिकेच्या चालकाला पहिल्या झटक्यात कळायला हवं. नाव लावून जो पैसा येतो, तो किती, कुठल्या मुदतीसाठी आणि कशावर खर्च झाला, हे त्याच स्थानकात मराठीत लावा. फलाटावरून वर आल्यावर पुढची बस कुठे मिळते याची पाटी, आणि स्वच्छतागृहात पाणी, एवढ्यावर जरी तो खर्च झाला तरी लोक दोन शब्द चांगले बोलतील.

मर्यादा घालून घ्या असं मी सांगतोय, त्यामागे आमच्या धंद्यातला एक कटू अनुभव आहे. १३ मे २०२४ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर होर्डिंग कोसळलं. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, ते होतं १२० बाय १२०. जमीन रेल्वे पोलिसांची. १७ माणसं गेली. सार्वजनिक जागेवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू झालं की ते मोजणारे भरपूर असतात, थांबवणारा कुणी राहत नाही. तुमच्या पाट्यांनी कुणाच्या जिवाला धोका नाही, दोन गोष्टी एका तागडीत घालत नाही. पण ‘आणखी एक स्थानक देऊन टाकू, काय बिघडतं’ हे वाक्य कुठल्या टेबलावर बोललं जातं, ते मी जवळून ऐकलेलं आहे.

राज्य आणि केंद्र यांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेली तुमची कंपनी आहे. म्हणजे आमचीच. तुम्ही जे कराल ते बघून पुणे आणि नागपूरची मेट्रो शिकेल. पुण्याच्या मंडईपुढे एखादा सिमेंट ब्रँड आणि सीताबर्डीपुढे पानमसाला यायला फार वेळ लागणार नाही.

तेव्हा दोनच विनंत्या. नामकरणाच्या हक्कांची पुढची निविदा काढण्याआधी, आणि आहेत त्या करारांना मुदतवाढ देण्याआधी, प्रत्येक स्थानकाच्या परिसरात एक जाहीर सुनावणी घ्या. संध्याकाळी सातनंतर घ्या म्हणजे कामावरून आलेली माणसं येतील. पालिकेच्या शाळेचा हॉल मिळतो, भाडंही फार नसतं. आणि या करारांच्या प्रती तुमच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवा. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून मागायला लावू नका. तसा अर्ज मी लिहून ठेवला आहे. पाठवायची वेळ आली नाही तर दोघांचेही कष्ट वाचतील.

उत्तराची वाट बघतो.

कळावे,
आपला,
वरळीचा एक प्रवासी